बत्तीस बटा

२०४३ साली मन हलकं करणारं राज्यातलं सगळ्यात यशस्वी यंत्र माण तालुक्यातल्या धुळकरवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात होतं, आणि ते चालवणारी बाई चार वर्षांपूर्वीपर्यंत गावातल्या बायकांच्या भुवया कोरत होती. यावर कोणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. पुण्याच्या कंपनीनं मात्र तिला ढाल दिली होती. 'उत्कृष्ट तंत्रज्ञ : सौ. स्वप्नाली दिलीप घार्गे.' ढाल देताना साहेबांनी विचारलं होतं, तुमच्याच केंद्राचे निकाल एवढे चांगले कसे? स्वप्नालीनं अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं, "मशीन चांगली आहे, सर."

यंत्राचं नाव प्रतिलय. मिहीर अभ्यंकर नावाच्या इंजिनिअरनं ते बनवलं होतं आणि त्यामागचा विचार कोणालाही समजावा इतका सोपा होता. माणूस दुःखात बुडाला की त्याचं मन घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं एकाच विचाराभोवती फिरत राहतं. असं का झालं, मी तिथे असते तर, माझंच चुकलं. हे फिरणं मेंदूतल्या ठरावीक जागी चालतं. तिथल्या पेशी एका तालात काम करू लागल्या की कपाळाच्या कातडीवर विजेची अतिशय बारीक लय उमटते. ती लय पकडण्याचं सूत्र अभ्यंकरांनी शोधलं. पडद्यावर शून्य ते शंभरमधला एक आकडा यायचा, त्याला ते घोळांक म्हणत. मनात जे घोळत राहतं त्याचं माप. सुखी माणसाचा घोळांक वीस-पंचवीस, परीक्षेच्या आदल्या दिवशी पन्नास, आणि ऐंशीच्या पुढे गेला की माणूस अन्नावरची वासना टाकतो.

हा झाला मोजण्याचा भाग. दुसरा भाग उपचाराचा. बाहेरचा गोंगाट बंद करणारे इयरफोन असतात, ते आवाजाच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतात आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. अभ्यंकरांनी तेच डोक्याच्या बाबतीत करायचं ठरवलं. डोक्यावर बत्तीस चकत्या लावायच्या आणि त्यातून त्या लयीच्या बरोबर उलटा मंद विद्युतप्रवाह आठ मिनिटं सोडायचा. घोळांक खाली येतो, माणूस जेवायला लागतो.

अडचण एकच होती. चकती केसांवर चालत नाही. अठ्ठावीस ठिकाणी बट उचलून, भांग पाडून, कातडी उघडी करून, तिथे खारट मलम लावून ती बसवावी लागते. उरलेल्या चार चकत्या कपाळावर. बाकी केंद्रांतले तंत्रज्ञ पंधरा मिनिटांत केस ओढून हे काम उरकायचे. स्वप्नालीला चाळीस मिनिटं लागायची. पार्लरच्या धंद्यात ती एक गोष्ट शिकली होती, ओढाताण झाली की गिऱ्हाईक परत येत नाही. ती शेपटीच्या कंगव्यानं एकेक बट सोडवायची, पार्लरच्याच चिमट्यांनी बाजूला धरायची आणि मलम आधी आपल्या तळहातावर कोमट करून घ्यायची. बटा खरं तर अठ्ठावीसच, पण चकत्या बत्तीस म्हणून गाव त्या कामाला 'बत्तीस बटा' म्हणायचं, आणि हिशेब चुकला म्हणून कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तिची आणखी एक सवय होती. पुस्तिकेत लिहिलं होतं की सगळ्या चकत्या बसल्यावरच यंत्र सुरू करा. धुळकरवाडीच्या विजेनं ती पुस्तिका वाचलेली नव्हती. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणी चालू झाली की दाब पडायचा आणि यंत्र काही केल्या सुरूच व्हायचं नाही. एकदा सुरू झालेलं मात्र चालत राहायचं. म्हणून स्वप्नाली कपाळावरच्या चार चकत्या लावायची, यंत्र चालू करून टाकायची आणि मग निवांत केसांना हात घालायची. हे नियमात बसत नाही याची तिला कल्पना होती. त्यामुळे ती कोणाला बोलली नव्हती.

तिची पहिली पेशंट म्हणजे तिची सासू, हौसाबाई.

हौसाबाईंचा धाकटा मुलगा अजित पठारावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. तो वरून पडून गेला. त्या दिवसापासून हौसाबाईंनी तोंड मिटलं. थोरल्या मुलानं, म्हणजे स्वप्नालीच्या नवऱ्यानं, दिलीपनं, आधी देवऋषी गाठला. बाजाबा देवऋष्यानं तीन अमावास्या लिंबं उतरवली, अंगारा लावला, घराच्या चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले. हौसाबाई भिंतीकडे बघत बसून राहिल्या. मग उपकेंद्रात यंत्र आलं, आणि पार्लर बंद पडल्यामुळे रिकामी झालेली स्वप्नाली दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन त्यावर बसली.

सासूसुनेचं कधीच फारसं नव्हतं. पार्लर हा बायका बिघडवायचा धंदा आहे असं हौसाबाईंचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. एका घरात राहून दोघी एकमेकींना दिलीपमार्फत निरोप द्यायच्या. त्या पहिल्या गुरुवारी हौसाबाईंना खुर्चीत बसवलं तेव्हा स्वप्नालीच्या लक्षात आलं की लग्नाला सतरा वर्षं झाली, पण आपण या बाईच्या डोक्याला कधी हात लावलेला नाही. सात महिने फणी न लागलेल्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्या दिवशी सत्तर मिनिटं लागली. स्वप्नाली एकेक जट बोटांनी सोडवत गेली. एकोणिसाव्या बटेला हौसाबाईंचा आवाज आला, घोगरा, अडकत.

"अजितचं क्यास बी असंच हुतं. लई गुंता व्हायचा."

स्वप्नालीनं पुढची बट सोडवली. मग ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, आत्या. माझ्याकडनंच कापून घ्यायचे भावजी. तुम्हाला चोरून."

"मला म्हाईत हुतं," हौसाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्यानंतर आठ मिनिटं यंत्र चाललं. घोळांक अठ्ठ्याऐंशीवरून एकोणसाठावर आला. स्वप्नालीनं यंत्राला हात जोडले. पुढची चार वर्षं दर गुरुवारी हौसाबाई त्या खुर्चीत बसल्या आणि तिथे काय वाट्टेल ते बोलल्या. घरी मात्र दोघी पहिल्यासारख्याच होत्या. बोलायची जागा ती खुर्ची, हे जणू ठरूनच गेलं होतं.

*

मग नवा टोप आला.

तो घेऊन खुद्द अभ्यंकर आले होते. पन्नाशीचा, बारीक चणीचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा माणूस. टोपाला आतून मऊ दाते होते, ते केसांमधून आपोआप कातडीपर्यंत पोचायचे. मलम नाही, चिमटे नाहीत, बटा नाहीत. चाळीस सेकंदांत बसायचा. "घार्गेबाई, तुमची चाळीस मिनिटं वाचली," अभ्यंकर हसून म्हणाले. "दिवसाला सहा माणसं व्हायची, आता चाळीस होतील. राज्यभर हाच टोप जाणार. सरकारची समिती सहा महिन्यांनी शिक्कामोर्तब करेल."

स्वप्नालीला नोंदवहीवर बसवलं. समितीनं होकार दिला की तंत्रज्ञांची पदंच राहणार नव्हती. लोक मात्र खूश होते, रांग भराभर सरकायची.

दीड महिन्यात आकडे चढायला लागले. कंपनीचं पत्र आलं की खेड्यातल्या लोकांच्या डोक्याला तेल फार असतं, त्यांना तेल न लावता यायला सांगा. गावानं तेल सोडलं. आकडे चढतच राहिले. हौसाबाईंचा घोळांक चौऱ्याऐंशीवर गेला. एका सकाळी त्यांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

स्वप्नाली फणी घेऊन त्यांच्यामागे जाऊन बसली. केसांना हात लावला तसा हौसाबाईंनी तो झटकला.

"घरात नगं. दार उघडं हाय. सुनंकडनं सेवा करून घेतीया म्हातारी, म्हंतील लोकं. मशीनवर ने."

एवढंच बोलल्या, नंतर दोन दिवस गप्प. पोटात पाणी आणि दोन घास पेज, बस्स. दिलीप बायकोला म्हणाला, "बाजाबाला बोलवू का? काय तरी करायला पायजेच ना."

"बोलवू नका," स्वप्नाली म्हणाली. "मी साताऱ्याला जाऊन येते."

*

साताऱ्यात डॉक्टर हेरंब सबनीस राहत होते. पंचाहत्तरी उलटलेले मानसोपचारतज्ज्ञ, सरकारी समितीचे सल्लागार, आणि प्रशिक्षणात स्वप्नालीला दोन तास शिकवून गेलेले. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं मोठं कपाट होतं. त्यात विजेचा पट्टा होता, जो कमरेला बांधला की खिन्नता जाते असं दीडशे वर्षांपूर्वी पेपरात छापून यायचं. लोहचुंबकाचं कडं होतं, मज्जातंतूंच्या शक्तिवर्धकाच्या बाटल्या होत्या, आणि एका डबीत चक्क माणसाचे दात होते.

"अमेरिकेत एका इस्पितळाच्या प्रमुखानं ठरवलं की वेड दातांतल्या पुवामुळे लागतं," डॉक्टर म्हणाले. "त्यानं रुग्णांचे दात उपटले. तरी बरं नाही झालं तर टॉन्सिल काढले, मग आतडी. शेकडा पंच्याऐंशी बरे होतात म्हणून सांगायचा. हे दात तिथले नाहीत, माझे आहेत. पण गोष्ट खरी आहे. बोला, काय काम काढलंत?"

स्वप्नालीनं सगळं सांगितलं आणि पेनड्राइव्ह पुढे केला. चार वर्षांच्या नोंदी होत्या. डॉक्टरांनी पडद्यावर एक आलेख उघडला, मग दुसरा, मग दहावा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, या नोंदी एवढ्या लांब कशा? बाकीच्या केंद्रांच्या आठ मिनिटांच्या आहेत."

स्वप्नालीचा चेहरा उतरला. तिनं गिरणीची गोष्ट सांगितली. "नियमाच्या बाहेर होतं, मला ठाऊक आहे. मेमो द्यायचा तर द्या, पण आत्यांचं काय करायचं ते आधी सांगा."

"मेमो कसला घेऊन बसलात. इकडे बघा." डॉक्टरांनी बोट ठेवलं. रेघ डावीकडे उंच सुरू होत होती आणि हळूहळू उतरत होती. पाचव्या मिनिटाला थोडी, पंधराव्याला जास्त, तिसाव्याला पार खाली. चाळिसाव्या मिनिटाला लाल खूण होती. "ही खूण म्हणजे उलटा प्रवाह सुरू झाला. त्यानंतर रेघ कशी आहे?"

"सरळ," स्वप्नाली म्हणाली.

"म्हणजे उपचार सुरू व्हायच्या आधीच माणूस बरा झालेला असतो. कवटीचं हाड जाड असतं, बाई. एवढासा प्रवाह कातडीतच पसरून जातो, आत मेंदूपर्यंत जेमतेम पोचतो. मी हे अभ्यंकरांना पूर्वी म्हणालो होतो. ते म्हणाले, पण निकाल बघा ना. निकाल खरे होते. मला उत्तर देता आलं नव्हतं."

स्वप्नालीनं लाल खुणेवर बोट ठेवून ती रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग तिला राग आला, अगदी कानशिलं तापेपर्यंत. "म्हणजे चार वर्षं मी लोकांना फसवलं? मी आणि बाजाबा एकच? तो लिंबू फिरवतो, मी वायर फिरवते?"

"बसा," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला एक गोष्ट सांगतो, मग ठरवा. गेल्या शतकात मानसिक रुग्णांना इन्सुलिन टोचून रोज बेशुद्ध करायचे आणि साखरेचं पाणी पाजून शुद्धीवर आणायचे. वीस-पंचवीस वर्षं जगातली मोठमोठी इस्पितळं हे करत होती. माणसं सुधारायची, हेही खरं. मग लंडनमध्ये काही डॉक्टरांनी अर्ध्या रुग्णांना इन्सुलिन दिलं, अर्ध्यांना नुसतं झोपेचं औषध. कोणाला काय दिलंय ते रुग्णांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. बाकी सगळं तेच. निकाल सारखाच आला. आता बाकी सगळं म्हणजे काय? दिवसभर उशाशी बसलेली नर्स. घाम पुसणारी, कपडे बदलणारी, भरवणारी. बाकी वॉर्डांत ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांना इथे एक माणूस मिळालं होतं."

"मग?"

"मग इन्सुलिन बंद झालं. बरोबरच झालं, त्यात माणसं मरायची. पण त्या नर्सचं काय करायचं ते कोणी विचारलं नाही. भोंदू उपचार उघडा पडला की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. त्यात जे खरं होतं तेही त्याच्याबरोबर केरात जातं. तुम्ही फसवलं नाहीत, बाई. तुम्ही उपचारच करत होतात. फक्त त्याची पावती मशीनच्या नावानं फाटत होती."

स्वप्नाली बाहेर पडली ती सुन्न होऊन. बसमध्ये तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. हे समितीपुढे सांगायचं तर आपली ढाल खोटी ठरणार, तेवढं चाललं असतं. पण यंत्रात काही नव्हतं हे गावाला कळलं तर गाव पुन्हा त्या खुर्चीत बसेल का? आत्या बसतील का? त्यांनी तर घरात हात झटकला होता. खरं बोलून आपण आत्यांना घालवून बसलो तर?

दुसऱ्या दिवशी तिनं कोठीतून जुनं यंत्र काढलं, धूळ पुसली आणि हौसाबाईंना रिक्षात घालून केंद्रात नेलं. गिरणी सुरू व्हायच्या आत चार चकत्या लावल्या. यंत्राबद्दल ती काही बोलली नाही. पंधराव्या बटेला हौसाबाई म्हणाल्या, "लई दिस लावलंस." तीन गुरुवारांनी त्या अर्धी भाकरी खाऊ लागल्या. हे बघून स्वप्नालीनं डॉक्टरांना फोन केला. "प्रवाहानं खरंच काही होतं का, याची चाचणी करा," ती म्हणाली. "मी साक्षीला येते."

*

अशा चाचणीची युक्ती जुनी आहे. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका वैद्यानं सजीवांच्या अंगातल्या चुंबकशक्तीनं लोकांना बरं करायचा बाजार मांडला होता. राजानं नेमलेल्या विद्वानांनी डोळ्यांवर पट्टी बांधून माणसं तपासली. शक्ती भरलेल्या झाडाजवळ जायला सांगितलेला एक रुग्ण भलत्याच झाडाखाली घेरी येऊन पडला, आणि बाजार उठला. डॉक्टर सबनीसांनी तेच केलं. बारा केंद्रं निवडली. प्रत्येक यंत्राला मोहोरबंद पत्र्याची डबी जोडली. काही डब्यांतून उलटा प्रवाह पुढे जायचा, काहींत तो आतच जिरायचा. कुठली डबी कशी हे केंद्रात कोणालाच ठाऊक नव्हतं. सहा केंद्रांत नवा टोप आणि सहांत स्वप्नालीनं शिकवलेल्या बत्तीस बटा. गोळ्या ज्यांना चालू होत्या त्यांच्या चालूच राहिल्या.

अभ्यंकर आडवे आले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "माझ्या यंत्रावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "करा."

स्वप्नाली सहाही केंद्रांत फिरली. दांडगट हातांच्या तंत्रज्ञांना तिनं कंगवा धरायला शिकवला. म्हसवडकडचा एक मिश्यावाला तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, मी काय न्हावी हाय का?" तिनं त्यालाच खुर्चीत बसवलं आणि त्याच्या केसांत कंगवा घातला. दहाव्या बटेला त्यानं आपल्या वडिलांची गोष्ट काढली आणि नंतर कधी कुरकुर केली नाही.

नऊ आठवड्यांनी जिल्हा परिषदेच्या सभागृहात समिती बसली. अधिकारी, डॉक्टर, कंपनीची माणसं, पत्रकार, आणि मागच्या रांगेत धुळकरवाडी अर्धीअधिक. साक्षीसाठी धुळकरवाडीचं जुनं यंत्र, खुर्ची आणि स्वप्नालीचं कंगव्या-चिमट्यांचं सामान पुढे मांडलेलं होतं. सबनीसांनी सगळ्यांसमोर मोहोरा फोडल्या आणि निकाल वाचला. नवा टोप, प्रवाह चालू : घोळांकात सहाची घट. नवा टोप, प्रवाह बंद : सहाची घट. बत्तीस बटा, प्रवाह चालू : सदतीस. बत्तीस बटा, प्रवाह बंद : अडतीस.

सभागृहात कुजबुज पसरली. अभ्यंकर उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता.

"आकडे मला मान्य आहेत. माझी चूक कुठे झाली तेही कळलं. मी उपचार घेतलेल्यांची तुलना बाकावर वाट बघत बसलेल्यांशी केली. आणि चकत्या लावायचा वेळ उपचार नाही म्हणून नोंदीतून फेकून दिला." ते समितीकडे वळले. "पण एक शंका आहे आणि ती मी विचारणार. या चाचणीत लोकांना वाटत होतं की यंत्र काम करतंय. उद्या वर्तमानपत्रात छापून आलं की त्यात काही नाही, तर बत्तीस बटांचाही परिणाम जाईल. मग लोकांच्या हातात काय राहील?"

साताऱ्याहून येताना स्वप्नालीला बसमध्ये पडलेला हाच तो प्रश्न. समितीच्या अध्यक्षबाई तिच्याकडे बघत होत्या. ती उठून उभी राहिली.

मागच्या रांगेतून काठीचा आवाज आला. हौसाबाई उठून पुढे येत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अभ्यंकरांपुढे उभ्या राहिल्या.

"इंजनेर सायेब, त्या मशीनची औषिदाची वायर कुठली?"

"ही लाल," अभ्यंकर म्हणाले.

"काढा ती. धरा तुमच्या हातात." अभ्यंकरांनी वायर उपसली. हौसाबाई खुर्चीत बसल्या. "सपना, ये. आज डोकं लई जड हाय."

"आत्या, तुम्ही ऐकलंत ना? यात काही नाही."

"मला पयल्यापास्नं ठावं हाय."

"काय?"

"आगं, मशीन गुरगुरायच्या आधीच मला हलकं वाटायचं. एवढं कळत न्हाई व्हय मला? पर मशीन नसती तर तू माझ्या डोक्याला हात लावला असतास? आन मी लावू दिला असता?" त्यांनी कपाळ पुढे केलं. "लाव त्या चार. बघू दे समद्यांस्नी."

भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला. एक्क्याऐंशी. एवढ्या लोकांपुढे बसायचं म्हणजे चढणारच. स्वप्नालीनं चिमटे ओळीनं मांडले. तिनं मलम तळहातावर घेतलं, कोमट केलं, पहिली बट उचलली. मग दुसरी. आठव्या बटेला हौसाबाई बोलू लागल्या, समितीशी नाही, कोणाशीच नाही. अजित लहानपणी चिंचेवर चढायचा. आपणच त्याला म्हणायचो, माझं पोर उंचीला भीत न्हाई. गावभर सांगत फिरायचो. त्या नोकरीला जाताना त्यानं विचारलं होतं, आई, जाऊ का, आणि आपण म्हणालो होतो, जा की, तुला कसलं भ्या.

"मीच धाडला त्याला," हौसाबाई म्हणाल्या. हे त्या चार वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या.

स्वप्नालीनं बट चिमट्यात धरली आणि तळहात त्यांच्या डोक्यावर तसाच ठेवला. "भावजी उंचीला खरंच भीत नव्हते, आत्या. दोरी जुनी होती. ती तुम्ही नव्हती दिली."

बहात्तर. पासष्ट. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. अभ्यंकर लाल वायर हातात धरून पडद्याकडे बघत होते. शेवटची बट झाली तेव्हा पडद्यावर चौतीस होते. मागच्या रांगेत पिठाच्या गिरणीचा मालक उठून टाळ्या वाजवायला लागला आणि मग सगळं सभागृह उठलं. ढाल मिळाली त्या दिवशी असं झालं नव्हतं.

*

समितीनं दोन ठराव केले. पहिला, तंत्रज्ञांची पदं राहतील आणि त्यांना वर्षभराचं शिक्षण मिळेल. ऐकायचं कसं, सल्ला कुठे द्यायचा नाही, कोणाला तातडीनं मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं. कारण बटांनी सगळे बरे होत नव्हते. काहींना गोळ्याच लागत होत्या आणि ते स्वप्नालीला आता ओळखता येत होतं. दुसरा ठराव अभ्यंकरांनी स्वतः मांडला. यंत्राचा उपचाराचा भाग काढून टाकावा आणि मोजण्याचा ठेवावा. मन बरं करतो म्हणणाऱ्या कोणालाही, मग तो इस्पितळातला असो की मठातला, आधी आपला उपचार या आलेखावर तपासून घ्यावा लागेल. वर्षभरात मनःशांतीच्या अंगठ्या, चुंबकाच्या गाद्या आणि मंतरलेलं पाणी विकणाऱ्यांची पळता भुई थोडी झाली.

बाजाबा देवऋषी मात्र स्वतःहून तपासून घ्यायला आला. त्याच्या लिंबानं आणि अंगाऱ्यानं रेघ तसूभर हलली नाही. पण लिंबू उतरवायच्या आधी तो घरच्यांची तासभर चौकशी करायचा, तेव्हा रेघ चांगली उतरायची. बाजाबा लिंबासाठी आठवडाभर रुसून बसला होता. सध्या तो उपकेंद्रात शिकाऊ आहे आणि कंगवा बरा धरतो.

त्या ठरावानंतरच्या रविवारी, दुपारी, स्वप्नाली दारातल्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. रस्त्यावर रहदारी होती, समोर गिरणीपाशी बाया डबे घेऊन उभ्या होत्या. हौसाबाई घरातून आल्या. त्यांच्या हातात स्वप्नालीचा शेपटीचा कंगवा होता. त्या तिच्यामागच्या पायरीवर बसल्या आणि तिचा अंबाडा सोडला.

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत. डोळं हायती त्यास्नी." हौसाबाईंनी पहिली बट उचलली. हात जड होता, सवयीचा नव्हता, एकदा कंगवा अडकलाही. गिरणीपाशी एक बाई दुसरीला कोपरानं ढोसत होती. "किती करायच्या असत्यात?"

"बत्तीस."

"मग बस सरळ."

स्वप्नालीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. चार वर्षं तिनं गावाचं ऐकलं होतं. तिचं पार्लर बंद पडलं त्या दिवशी ती कुलूप लावून पार्लरच्याच पायरीवर तासभर रडली होती, हे तिनं दिलीपलाही सांगितलं नव्हतं. चौथ्या बटेला ती बोलायला लागली.